'दे दणादण' आणि गुरुत्वाकर्षणाचा तास

शिक्षक मित्रहो, महेश कोठारे यांचा 'दे दणादण' (१९८७) मुलांसोबत पुन्हा बघा. मारुतीच्या कृपेने लक्ष्मीकांत बेर्डेंच्या हवालदाराला अचाट ताकद येते, अन् लाल रंग दिसला की जाते. पोरं पोट धरून हसतात.

मग फळ्यावर गणित मांडा : ५ मीटर उंचीवरून उडी मारली, तर जमिनीला टेकताना वेग किती?

वेगाचा वर्ग = २ × १० × ५ = १००
वेग = सेकंदाला १० मीटर, म्हणजे ताशी ३६ किलोमीटर!

त्या वेगाने मोटारसायकल भिंतीवर आदळली तर काय होईल, हे मुलांनाच सांगू द्या. साखरखेर्डा असो की मुंबई, गच्चीवरून उडी मारणाऱ्याला हा नियम सोडत नाही.

पालकांनो, सिनेमा बंद करू नका. संपल्यावर फक्त विचारा, "हे खरंच होईल का रे?"