शब्दाच्या मूळ रूपाचा विवेक

सूत्राचा अर्थ करू पाहणाऱ्याने आधी प्रत्येक पदाचे मूळ रूप निश्चित करावे. ते चुकले, तर पुढील सारे निरूपण चुकते.

प्रथम नित्याच्या बोलण्यातील उदाहरण घेऊ. ‘लोणावळ्याहून’ या पदातील ‘हून’ काढल्यास ‘लोणावळ्या’ उरते. हे सामान्यरूप होय; मूळ नाम ‘लोणावळा’. म्हणजे प्रत्यय काढून काम संपत नाही, विकार पावलेला शेवटही पूर्ववत करावा लागतो.

आता ‘मावळला’ हे रूप पाहावे. ‘तो मावळला गेला’ येथे मूळ रूप ‘मावळ’ हे नाम. ‘सूर्य मावळला’ येथे ‘मावळणे’ हे क्रियापद. अक्षरे तीच, मूळ निराळे; निर्णय वाक्यावरून होतो. संगणकास मराठी शिकविणाऱ्यांपुढेही आज हाच प्रश्न असतो. सूर्य मावळतो ती बाजू म्हणून मावळ, अशी व्युत्पत्ती लोक सांगतात. परंतु कार्ल्याच्या लेण्यातील सातवाहनकालीन शिलालेखात या प्रदेशाचे नाव ‘मामाल’ असे येते. तेव्हा केवळ ध्वनिसाम्यावर विसंबू नये.

हाच विवेक ब्रह्मविद्येच्या अभ्यासात अधिक लागतो. ‘देवास’ याचे मूळ रूप ‘देव’. ‘देवतेस’ याचे ‘देवता’. संस्कृत व्याकरणाप्रमाणे ‘देव’ शब्दास ‘ता’ लागून ‘देवता’ शब्द सिद्ध होतो, हे खरे. म्हणून कोणी ‘स’बरोबर ‘ता’ही काढून ‘देव’ हेच मूळ मानील, तर काय होईल? जीव, देवता, प्रपंच आणि परमेश्वर हे चार पदार्थ स्वामींनी वेगळे निरूपिले. त्यांतील देवता व परमेश्वर यांचा भेदच पुसला जाईल. अनन्यभक्तीचा पायाच ढळेल.

सारांश, शब्दाची व्युत्पत्ती वेगळी आणि वाक्यात अभिप्रेत असलेले मूळ रूप वेगळे. विभक्तिप्रत्यय काढावा, नवा अर्थ देणारा प्रत्यय राखावा. भीष्माचार्यांच्या ‘पंचवार्तिका’स अभ्यासक मराठीचे आद्य व्याकरण मानतात. आपल्या पूर्वाचार्यांनी व्याकरणाची चिंता वाहिली, ती वचनाचा अर्थ शुद्ध राहावा म्हणून. साधकांनी व वासनिकांनी नित्य पाठात एक तरी पद असे सोडवून पाहावे.