गुरुवारचा होकार

चि. मुक्ता हिस अनेक आशीर्वाद.

काल रात्री तुझ्या आईचा रडत रडत फोन आला. आइंडहोवनला तुझ्या साहेबाने भर मीटिंगमध्ये ‘हे काम चांगलं नाही’ म्हटलं आणि तू राजीनामा लिहून ठेवलास, म्हणे. तिलाही हे शेजारच्या वर्षाकडून कळलं. खरं का?

मुळात साहेब म्हणणं सोड. तिथे मोठ्या पदावरच्यालाही नावानेच हाक मारतात. आणि तो कामाला बोलला, तुला नव्हे. दुपारी तो तुझ्याच शेजारी बसून ब्रेड-चीज खाईल, मनात काही न ठेवता.

मला धास्ती आहे ती तुझ्या होकाराची. शुक्रवारपर्यंत होईल असं तूच सांगितलं होतंस ना? नाही म्हणायला आपल्या घरात जीभच उचलत नाही. आजोबा जामीन कुणाकुणाला राहिले, ते तुला ठाऊक आहे.

आणि मी तरी कोण शहाणा? 1987 साली भोसरीच्या कारखान्यात तुझ्या तिकडचाच, झीलंडचा एक डच इंजिनियर आला होता. 1953 च्या पुरात त्यांच्या देशात 1836 माणसं गेली. बांधाला चीर दिसली की तिथल्या तिथे सांगायचं, असं तो म्हणायचा. त्याने विचारलं, मशीन गुरुवारी उभं राहील? कास्टिंग आलंच नव्हतं. मी मान डोलावली. मुलीचा वाढदिवस सोडून तो थांबला. त्यांच्यात त्या दिवशी आईबापांचंही अभिनंदन करतात गं. गुरुवारी रिकामा चौथरा बघून एवढंच म्हणाला, “सोमवारी सांगितलं असतंस तर घरी गेलो असतो.” त्याला माफीची दोन ओळींची चिठ्ठीही मी कधी लिहिली नाही.

म्हणून म्हणतो, होणार नसेल तर आधीच सांग. आठ-आठपर्यंत बसून झाकू नकोस. पाचला सगळे सायकली काढतात, तेव्हा बसून राहिलेल्याला तिथे कुणी कष्टाळू म्हणत नाही.

ओरडलोच शेवटी. लहानपणीही तू मार खाल्लास तो दादाच्या खोड्यांसाठी, ‘हो, मीच केलं’ म्हणून.

14 तारखेला तुझा वाढदिवस. तिथे केक ज्याचा वाढदिवस त्यानेच न्यायचा असतो. तू नारळाच्या वड्या ने. परत यावंसं वाटलं तर माडीवरची खोली झाडून ठेवलीय. पावसात सायकल हळू चालव. आणि पत्राला उत्तर लिहिशील त्यात ‘मी मजेत’ नको. रडली असलीस तर तसं लिही.

तुझा
मामा