लोहाराची हत्यारे : निवड आणि निगा

ठाणे जिल्ह्याच्या मुरबाड तालुक्यात सह्याद्रीच्या पायथ्याशी धसई हे गाव आहे. या भागातील भातशेती राबापासून सुरू होते. झाडांच्या फांद्या कोयत्याने तोडून वाळवतात आणि उन्हाळ्यात रोपांच्या जागेवर पसरून जाळतात. त्यानंतर नांगरणीला फाळ लागतो, बांधबंदिस्तीला कुदळ लागते आणि दिवाळीच्या सुमारास कापणीला विळा लागतो. ऐन हंगामात कोयत्याला दाता पडला तर दिवस बुडतो. उडालेला तुकडा लागला तर डोळाही जाऊ शकतो.

ही अवजारे घडवायला व दुरुस्त करायला लोहाराला स्वतःची हत्यारे लागतात. समजा, घरामागच्या पडवीत एक लहानशी लोहारशाळा काढायची आहे. तिच्यासाठी हत्यारे कशी निवडावीत आणि कशी सांभाळावीत? याचे उत्तर पदार्थविज्ञानात आहे.

कठीण की चिवट?

कठीण पदार्थावर सहज चरा पडत नाही. चिवट पदार्थ घाव सोसतो, पण तुटत नाही. काच कठीण आहे, पण ठिसूळ आहे. साधी लोखंडी तार चिवट आहे, पण मऊ आहे. हत्याराला हे दोन्ही गुण हवेत, आणि एक वाढवला की दुसरा बहुधा कमी होतो. म्हणून कोणत्या हत्याराच्या कोणत्या टोकाला कोणता गुण हवा, हे ओळखणे हीच लोहाराची खरी विद्या होय.

लोखंड व पोलाद यांतील फरक त्यांत मिसळलेल्या कार्बनमुळे पडतो, हे मोंज, बर्तोले आणि व्हांदरमोंद या फ्रेंच शास्त्रज्ञांनी १७८६ साली दाखवून दिले. पोलाद लालबुंद तापवले की कार्बनचे अणू लोखंडाच्या अणूंमध्ये विरघळतात. ते एकदम पाण्यात बुडवले, तर कार्बनच्या अणूंना बाहेर पडायला वेळच मिळत नाही. ते अडकून पडतात, अणूंचे थर एकमेकांवरून घसरू शकत नाहीत आणि पोलाद कठीण पण ठिसूळ होते. यालाच लोहार ‘पाणी देणे’ म्हणतात. असे पोलाद पुन्हा २०० ते ३०० अंश सेल्सिअसपर्यंत तापवले की ठिसूळपणा बराच कमी होतो, आणि कठीणपणा थोडासाच उतरतो.

ऐरण

ऐरण जितकी जड तितकी चांगली, असे आपण ऐकतो. हे कितपत खरे आहे? हातोड्याचे वस्तुमान म आणि ऐरणीचे व असेल, तर घावाच्या ऊर्जेपैकी साधारणपणे व ÷ (व + म) इतका भाग तापलेले लोखंड चेपण्यास उपयोगी पडतो. उरलेली ऊर्जा ऐरण हलवण्यात जाते. हातोडा १ किलोग्रॅमचा आणि ऐरण ४ किलोग्रॅमची असेल, तर ८० टक्के ऊर्जा कामी येते. ऐरण ३० किलोग्रॅमची असेल तर सुमारे ९७ टक्के, आणि ६० किलोग्रॅमची असेल तर सुमारे ९८ टक्के. म्हणजे ४ वरून ३० वर जाण्यात मोठा फायदा आहे. त्यापुढे वजनासाठी पैसे मोजण्यात फारसा अर्थ नाही.

वजनापेक्षा पृष्ठभाग पाहावा. बेअरिंगमधला पोलादी छर्रा ५० सेंटिमीटर उंचीवरून ऐरणीवर सोडा. तो ३५ ते ४० सेंटिमीटर उसळला तर ऐरण उत्तम समजावी. मऊ ऐरणीवर छर्रा जेथे पडतो तेथे बारीक खळगा पडतो; ऊर्जा तेथेच खर्च होते आणि उसळी कमी येते. ऐरण जाड लाकडी ओंडक्यात घट्ट बसवावी. थंड पोलादावर तिच्यावर घण घालू नये.

हातोडा

हातोड्याच्या तोंडाच्या कडा किंचित गोलसर असाव्यात. तीक्ष्ण कडेमुळे कामावर खोक पडते आणि कडेचा तुकडाही उडू शकतो. एका हातोड्याने दुसऱ्या हातोड्यावर कधीही मारू नये. दोन्ही तोंडे कठीण असल्याने छिलके उडतात.

दांडा बाभळीसारख्या चिवट लाकडाचा असावा आणि लाकडाचे तंतू दांड्याच्या लांबीला धरून असावेत. सैल दांडा पाण्यात भिजवून घट्ट करण्याची सवय मात्र सोडावी. भिजलेले लाकूड फुगते, पण लोखंडी भोकात त्याला जागा नसल्याने तंतू चेपले जातात. वाळल्यावर दांडा आधीपेक्षाही सैल होतो. श्रावणात घट्ट वाटणारा दांडा चैत्रात का खुळखुळतो, हे आता तुमच्या लक्षात आले असेल. यावर खरा उपाय म्हणजे नवी पाचर.

छिन्नी

छिन्नीची धार कठीण हवी, पण डोके मऊच हवे. म्हणून पाणी फक्त धारेकडच्या टोकाला देतात. नंतर ते टोक घासून चकचकीत करतात. मागच्या भागात उरलेली उष्णता पुढे सरकते आणि पृष्ठभागावर रंग उमटू लागतात : सुमारे २३० अंशांना फिकट पिवळा, २८० ला जांभळा, ३०० ला निळा. हे रंग ऑक्साइडच्या अतिपातळ थराचे असतात. ओल्या रस्त्यावरील तेलाच्या तवंगावर दिसतात तसेच. जांभळा रंग धारेपर्यंत आला की छिन्नी पुन्हा पाण्यात घालतात.

याच रंगांवरून निगेचा एक नियम निघतो. सहाणेच्या चाकावर धार लावताना ती निळी पडली, तर तिचे पाणी उतरले असे समजावे. म्हणून धार वरचेवर पाण्यात बुडवावी. घाव खाऊन छिन्नीचे डोके छत्रीसारखे फुलते. त्या फुललेल्या कडा वेळीच घासून काढाव्यात, कारण डोळ्याच्या कित्येक इजा अशा उडालेल्या कडांमुळेच होतात.

सांडस आणि भाता

सांडसाचे जबडे कामाच्या जाडीला समांतर बसले पाहिजेत. नुसते टोक पकडणाऱ्या सांडसातून तापलेला तुकडा निसटतो. सांडस कमी कार्बनच्या साध्या लोखंडाचा असावा; तो पाण्यात विझवला तरी ठिसूळ होत नाही. भात्याचे चामडे तेल देऊन मऊ ठेवावे. पंखा असेल तर त्याच्या बेअरिंगला तेल द्यावे. पावसाळ्यापूर्वी सर्व हत्यारांना तेलाचा पातळ हात फिरवावा. हवेतील बाष्प लोखंडाला भिडले नाही की गंज धरत नाही.

करून पाहा

घरातील मोठ्या माणसाला सोबत घ्या आणि डोळ्यांवर चष्मा लावा. शिवणाच्या तीन जुन्या सुया पकडीने धरून गॅसच्या ज्योतीत लाल करा. पहिली ज्योतीतून सावकाश बाहेर काढा. दुसरी व तिसरी चटकन जवळच्या पाण्यात बुडवा. तिसरी पॉलिशपेपरने घासून, ज्योतीच्या वर धरून निळी होईपर्यंत हळूहळू तापवा. आता तिन्ही फडक्यात गुंडाळून पकडीने वाकवा. पहिली वाकून तशीच राहील, दुसरी कट्‌कन मोडेल आणि तिसरी वाकून बरीचशी मूळपदावर येईल.

यांपैकी कोणती सुई कोयत्यासारखी, कोणती सांडसासारखी? आणि कोणतेही हत्यार जिच्यासारखे असू नये, ती कोणती? उत्तर स्वतः शोधा आणि जवळच्या लोहारशाळेत जाऊन पडताळून पाहा.