दुबार पेरणी

मृगाचा पाऊस पडतो. आपण पेरणी करतो. मग पाऊस दडी मारतो. कोवळे कोंब जळून जातात. बी गेले, पैसा गेला. दोन दिवस घास गोड लागत नाही. पण पुन्हा पाऊस आला, की शेतकरी काय करतो? उसनेपासने करून बी आणतो आणि दुबार पेरणी करतो. "माझंच नशीब फुटकं," म्हणत तो बांधावर बसून राहत नाही.

शेतात हे आपल्याला कळते. कामधंद्यात मात्र आपण विसरतो. काम सुटले, मुकादमाने डावलले, दुकान बुडाले, की आपण म्हणतो, "सगळे माझ्या वाईटावर टपलेत. मी काय करणार?"

अशा वेळी लक्ष्मणराव किर्लोस्करांची गोष्ट आठवावी.

लक्ष्मणरावांचा जन्म 1869 साली झाला. त्यांना चित्रकलेची फार आवड. ते मुंबईला चित्रकला शिकायला गेले. पण डोळ्यांत दोष निघाला. त्यांना काही रंग नीट ओळखता येत नव्हते. चित्रकला सुटली. मग ते यंत्रांची चित्रे काढायला शिकले. त्या कामाला रंग लागत नाहीत! पुढे ते त्याच विषयाचे मास्तर झाले.

नोकरीत बढतीची वेळ आली. इंग्रजी अमदानी होती. लक्ष्मणरावांना डावलून ती जागा एका अँग्लो-इंडियन माणसाला मिळाली. हा अन्यायच होता. लक्ष्मणरावांनी नोकरी सोडली. ते बेळगावला भावाकडे आले. तिथे दोघे भाऊ सायकलींचे दुकान चालवू लागले. पुढे त्यांनी कडबा कापायचे यंत्र तयार केले. 1903 साली लोखंडी नांगर केला.

पण नांगर कोणी घेईना! लोक म्हणत, "लोखंडानं जमीन नासेल." पहिले नांगर खपायला दोन वर्षे लागली. तरी लक्ष्मणरावांनी नांगराचे काम सोडले नाही.

पुढे बेळगावातला कारखाना हलवायची पाळी आली. तेव्हा औंधच्या राजांनी कुंडल रोड स्टेशनाजवळ जागा दिली. कर्जही दिले. जागा कसली, निवडुंगाचे रान! साप-विंचू ठायी ठायी. 1910 साली लक्ष्मणराव आपल्या कामगारांसह तिथे गेले. रान साफ करून त्यांनी कारखाना उभारला, वस्ती वसवली. तीच सांगली जिल्ह्यातली किर्लोस्करवाडी.

कोणी म्हणेल, "त्यांना राजानं हात दिला. आम्हाला कोण देणार?" खरे आहे. सगळ्यांना राजा भेटत नाही. पण राजा भेटायच्या आधीच नांगर तयार झाला होता, हेही खरे आहे.

मग अन्याय मुकाट्याने सोसावा का? मुळीच नाही. पण रडगाणे वेगळे आणि तक्रार वेगळी. रडगाणे पारावर बसून गातात. ते ऐकून लोक चुकचुकतात आणि घरी जातात. तक्रार जिथे करायची तिथे करतात. कोणी मजुरी बुडवली, तर किती दिवस काम केले, किती पैसे मिळाले, किती राहिले, हे तारखेवार लिहून ठेवा. नीट अर्ज करा. आता तुम्हाला लिहिता येते. दुसऱ्याच्या पाया पडायचे कारण नाही.

आणि रात्री निजताना मनाला तीन गोष्टी विचारा. यात दुसऱ्याची चूक किती? माझी चूक किती? उद्या सकाळी मी काय करू शकतो? पहिल्या दोन गोष्टींची उत्तरे खरी द्या. पण थांबा तिसरीपाशी.

पाऊस आपल्या हातात नाही. तिफण आपल्या हातात आहे.

प्रश्न
1. लक्ष्मणरावांनी चित्रकला का सोडली?
2. लोक लोखंडी नांगर का घेत नव्हते?
3. रडगाणे आणि तक्रार यांत फरक काय?
4. तुमच्यावर अशी वेळ कधी आली होती? तेव्हा तुम्ही काय केले? पाच ओळी लिहा.