भरतीची वेळ

वर्सोवा, वसई, अर्नाळा येथील कोळीवाड्यांत शिडाच्या होड्या चालत, त्या काळी मुलगा प्रथम होडीवर चढे तो पाणी उपसण्यास व भात रांधण्यास. होडीचा प्रमुख तांडेल बहुधा त्याचा बाप किंवा काका असे. परंतु होडीवर नाते चालत नसे.

बोंबील धरण्याचे डोल जाळे समुद्रतळाशी रोवलेल्या खुंटांना बांधतात. भरती-ओहोटीच्या ओढीने मासळी त्याच्या पिशवीत शिरते. प्रवाह थबकताच जाळे वर घ्यावे लागते. विलंब झाला, तर पाणी उलट फिरते व मासळी निसटते. म्हणून तांडेल मुलास रोज विचारी, "आज तिथी कोणती रे? भरती केव्हा?" तिथीची पाऊणपट केली, की भरतीची वेळ सुमाराने कळते. चतुर्थीस 3 वाजता, अष्टमीस 6 वाजता. हिशेब सोपा खरा. पण काळोखात, पोटात ढवळत असताना मुलाची जीभ अडखळे. मग तांडेल स्वतः पाण्यात हात घालून ओढ पाही.

अखेर एके पहाटे मुलगा न विचारताच म्हणे, "काका, अजून घटकाभर थांबू या." तांडेल पाण्यात हात न घालताच थांबे. त्या दिवशी भात दुसऱ्या कोणास तरी रांधावा लागे.