घटक ४ : तोफखान्याची संघटना आणि युद्धखेळातील तिचे चित्रण

४.१ उद्दिष्टे

हा घटक अभ्यासल्यानंतर आपल्याला पुढील गोष्टी करता येतील :
• प्रत्यक्ष मारा आणि अप्रत्यक्ष मारा यांतील फरक स्पष्ट करणे.
• दुसऱ्या महायुद्धातील ब्रिटिश व अमेरिकी तोफखान्याच्या संघटनेची तुलना करणे.
• खेळाचा नियम वास्तवाचे चित्रण कसे करतो, हे उदाहरणांसह सांगणे.
• अशा चित्रणातून काय वगळले जाते, याची चिकित्सा करणे.

४.२ प्रस्तावना

विद्यार्थी मित्रहो, यापूर्वीच्या घटकांत आपण कथा-कादंबरीतील आणि नाटकातील युद्धाचे चित्रण पाहिले. तेथे चित्रणाचे साधन शब्द होते. या घटकात आपण एका वेगळ्या संहितेचा विचार करणार आहोत. ती म्हणजे युद्धखेळाची नियमावली. नकाशा, सोंगट्या आणि फासे यांच्या साहाय्याने लढाईची प्रतिकृती उभी करणाऱ्या खेळाला युद्धखेळ किंवा वॉरगेम म्हणतात. नियमही एक कथन असते. 'कोणाला काय करता येते, केव्हा आणि कोणाच्या परवानगीने' हे ते सांगते. तोफखाना हा या अभ्यासासाठी विशेष उपयुक्त विषय आहे, कारण आधुनिक तोफखाना शत्रूला न पाहता लढतो. जे दिसत नाही त्याचे चित्रण करायचे कसे, हा प्रश्न साहित्याच्या अभ्यासकालाही परिचित आहे.

४.३ विषय-विवेचन

४.३.१ दिसणाऱ्या लक्ष्यापासून न दिसणाऱ्या लक्ष्यापर्यंत

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरपर्यंत तोफा बहुधा पायदळाच्या शेजारी किंवा त्याच्या थोड्या मागे उभ्या असत. तोफचालकाला लक्ष्य स्वतःच्या डोळ्यांनी दिसे. हा प्रत्यक्ष मारा होय. बंदुकांचा पल्ला वाढल्यावर उघड्यावर उभा असलेला तोफचालक सहज टिपला जाऊ लागला. म्हणून तोफा टेकड्यांच्या आड गेल्या. १९०४-०५ च्या रशिया-जपान युद्धात अप्रत्यक्ष माऱ्याचे महत्त्व ठळकपणे दिसून आले. यात पुढे बसलेला निरीक्षक लक्ष्य पाहतो, निरोप मागे पाठवतो आणि तोफा त्या आकड्यांवर विसंबून मारा करतात.

केवळ तोफा पुष्कळ असणे पुरेसे नसते, हे पहिल्या महायुद्धाने दाखवून दिले. १९१६ मध्ये सोमच्या लढाईपूर्वी ब्रिटिशांनी सात दिवस मारा करून सुमारे १५ लाख गोळे डागले. तथापि, खोल भुयारांतील जर्मन सैनिक मोठ्या प्रमाणात वाचले. मारा पुढे सरकताच ते वर आले आणि मशीनगनींपाशी जाऊन बसले. १ जुलै या एकाच दिवशी ब्रिटिशांचे सुमारे ५७,००० सैनिक मृत, जखमी वा बेपत्ता झाले. त्यांतील १९,००० हून अधिक मरण पावले. तोफखाना आणि पायदळ यांच्या वेळेचा मेळ न बसल्याची ही किंमत होती.

पुढील वर्षी, २० नोव्हेंबर १९१७ रोजी, कांब्रे येथे सुमारे १,००० तोफांनी आधी चाचणीचे गोळे न टाकता, केवळ मोजणी आणि गणिताच्या आधारे एकाच वेळी मारा सुरू केला. अचूक नकाशे, हवामानाची नोंद, प्रत्येक तोफेच्या झिजेचा हिशेब आणि शत्रूच्या तोफांचा आवाजावरून घेतलेला शोध यांमुळे हे शक्य झाले. तोफखान्याचे खरे सामर्थ्य माहितीच्या व्यवस्थेत असते, हे यावरून लक्षात येईल.

४.३.२ दोन संघटना, दोन विचार

दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश पायदळ डिव्हिजनमध्ये साधारणतः तीन फील्ड रेजिमेंट असत. प्रत्येक रेजिमेंटमध्ये '२५ पाउंडर' जातीच्या २४ तोफा, म्हणजे डिव्हिजनकडे एकूण ७२ तोफा. रेजिमेंटच्या तीन बॅटऱ्या आणि प्रत्येक बॅटरीत आठ तोफा. या रचनेतील लक्षणीय गोष्ट अशी की, बॅटरीचा प्रमुख मेजर तोफांपाशी नसे. तो पायदळाच्या बटालियन प्रमुखाजवळ असे. त्याच्या हाताखालचे कॅप्टन निरीक्षक म्हणून आघाडीवर जात. तोफांपाशी त्यांच्याहून कनिष्ठ अधिकारी असत. त्यामुळे पुढून येणारा निरोप ही विनंती नसून आज्ञा असे. संपूर्ण रेजिमेंटचा मारा हवा असल्यास 'माइक', तर संपूर्ण डिव्हिजनचा हवा असल्यास 'अंकल' हा सांकेतिक शब्द वापरला जाई.

अमेरिकी सैन्याने वेगळा मार्ग स्वीकारला. १९३० च्या दशकात ओक्लाहोमातील फोर्ट सिल येथील तोफखाना विद्यालयात 'मारा नियंत्रण केंद्रा'ची कल्पना विकसित झाली. निरीक्षक बहुधा कनिष्ठ अधिकारी असे. तो लक्ष्य कळवी आणि मारा मागे. किती तोफा, कोणते गोळे, किती वेळ हा निर्णय केंद्र घेई आणि गणितही तेथेच होई. अमेरिकी पायदळ डिव्हिजनकडे १०५ मिलिमीटरच्या ३६ आणि १५५ मिलिमीटरच्या १२ अशा ४८ तोफा असत. वेगवेगळ्या ठिकाणच्या तोफांचे पहिले गोळे एकाच क्षणी लक्ष्यावर पडावेत, असा मारा या केंद्रांमुळे सुकर झाला.

या दोन्ही रचनांमागे विश्वासाचा प्रश्न आहे. ब्रिटिश रचना पाहणाऱ्यावर विश्वास टाकते, म्हणून अनुभवी अधिकाऱ्याला पुढे धाडते. अमेरिकी रचना एकत्रित हिशेबावर विश्वास टाकते, म्हणून निर्णय केंद्राकडे ठेवते. पहिलीत अनुभवी अधिकारी आघाडीवर मारला जाण्याचा धोका अधिक. दुसरीत निकडीची मागणी मागे थांबवली जाण्याची शक्यता अधिक.

महाराष्ट्रातील वाचकाला हा विषय अगदीच दूरचा नाही. भारतीय सैन्याचे तोफखाना विद्यालय नाशिकजवळ देवळाली येथे आहे आणि '२५ पाउंडर' तोफ स्वातंत्र्यानंतरही भारतीय सैन्यात वापरात होती.

स्वयं-अध्ययनासाठी प्रश्न – १
ब्रिटिश बॅटरीचा प्रमुख तोफांपाशी न राहता पायदळाबरोबर का राहत असे? चार ते पाच वाक्यांत लिहा.

४.३.३ युद्धखेळातील तोफखाना

प्रशियाचा अधिकारी राइसविट्झ याने १८२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या 'क्रीगश्पील' या खेळात १:८००० प्रमाणाचा नकाशा होता आणि प्रत्येक डाव दोन मिनिटांच्या काळाचा मानला जाई. तोफांचा परिणाम अंतरानुसार आणि फाशाच्या दानानुसार ठरे. दोन्ही बाजूंचे आदेश पंच स्वीकारी आणि खेळाडूला जेवढे कळणे शक्य आहे तेवढेच सांगे. म्हणजे अपुरी माहिती हा या खेळाचा गाभाच होता.

एच. जी. वेल्स यांच्या १९१३ च्या 'लिटल वॉर्स' मध्ये याच्या उलट प्रकार आढळतो. तेथे स्प्रिंगवर चालणारी खेळण्यातील तोफ नेम धरून लाकडी गोळी उडवते आणि कथलाचे सैनिक पाडते. हा शुद्ध प्रत्यक्ष मारा आहे. पुढच्याच वर्षी सुरू झालेल्या महायुद्धात प्राबल्य मात्र अप्रत्यक्ष माऱ्याचे झाले.

आता १९७७ मधील 'स्क्वॉड लीडर' हा खेळ पाहू. त्याच्या पटावरील प्रत्येक षटकोनी घर ४० मीटरचे आहे. '२५ पाउंडर'चा कमाल पल्ला सुमारे १२ किलोमीटर. म्हणजे तोफ पटावर ठेवायची तर तिच्या आणि लक्ष्याच्या मध्ये सुमारे ३०० घरे हवीत. हे अशक्य असल्याने तोफा पटाबाहेर राहतात आणि पटावर फक्त निरीक्षक व त्याचा रेडिओ दिसतो. ही मर्यादाच चित्रणाला सत्याच्या जवळ नेते. आघाडीवरील सैनिकालाही आपल्या तोफा दिसत नसत. याउलट, छोट्या प्रतिकृतींच्या अनेक खेळांत तोफा टेबलावरच मांडल्या जातात; अंतरे आखडतात आणि तोफ पुन्हा शेजारी येऊन उभी राहते. दृश्य देखणे होते, पण संघटना लोपते.

'स्क्वॉड लीडर'च्या १९८५ मधील विस्तारित आवृत्तीत खेळाडूला आधी रेडिओचा संपर्क साधावा लागतो. त्यानंतर तो काळ्या आणि लाल चिठ्ठ्यांतून एक उचलतो. काळी आली तर बॅटरी मिळते, लाल आली तर नाकारली जाते. चिठ्ठ्यांचे प्रमाण राष्ट्रानुसार आणि दारूगोळ्याच्या उपलब्धतेनुसार बदलते. संपूर्ण संघटना येथे काही चिठ्ठ्यांत सामावली आहे.

४.३.४ चित्रणाची चिकित्सा

हे चित्रण योग्य आहे का? परिणामाच्या दृष्टीने बऱ्याच अंशी आहे. पुढच्या सैनिकाला तोफा कधी मिळत, कधी मिळत नसत. कारणाच्या दृष्टीने मात्र येथे एक महत्त्वाचा बदल झाला आहे. खेळाडू लाल चिठ्ठीकडे दुर्दैव म्हणून पाहतो. प्रत्यक्षात ती बॅटरी कदाचित दुसऱ्या संकटातील तुकडीला देण्यात आलेली असेल. जे एकासाठी नशीब आहे, तो दुसऱ्या कोणाचा तरी निर्णय असतो. फासा त्या निर्णय घेणाऱ्याला दृष्टीआड करतो आणि त्याबरोबर त्याची जबाबदारीही.

दुसरी उणीव अधिक गंभीर आहे. बहुतेक युद्धखेळांतील गावे रिकामी असतात. घर हे केवळ आडोसा ठरते. त्यात राहणारे कोणी नसते. खऱ्या निरीक्षकाला नकाशावरील आकडे कळवताना तेथे आणखी कोण असेल, हा विचार टाळता येत नसे. नियमावलीत त्याला जागा नाही, म्हणून खेळाडूच्या मनातही तो येत नाही. कादंबरीत कोणाला तोंड दिले आहे आणि कोणाला मुके ठेवले आहे, हे आपण तपासतो. तीच कसोटी येथेही लावावी.

४.४ सारांश

अप्रत्यक्ष माऱ्यामुळे पाहणारा, हिशेब करणारा आणि तोफ डागणारा हे तिघे वेगळे झाले. त्यांना जोडणारी व्यवस्था म्हणजे तोफखान्याची संघटना. ब्रिटिश रचनेने अधिकार आघाडीवर नेला, अमेरिकी रचनेने तो केंद्रात ठेवला. युद्धखेळ ही व्यवस्था अंतर, संपर्क आणि योगायोग यांच्या नियमांतून दाखवतात. मात्र निर्णयाला योगायोगाचे रूप देताना जबाबदारी आणि सामान्य माणूस त्यांतून सुटून जातात.

४.५ स्वाध्याय

१. 'तोफखान्याचे सामर्थ्य माहितीच्या व्यवस्थेत असते.' सोम आणि कांब्रे यांच्या आधारे चर्चा करा.
२. तोफा पटाबाहेर ठेवण्याचा नियम वास्तवाला जवळचा का ठरतो, ते स्पष्ट करा.
३. आपल्याला परिचित असलेला बुद्धिबळासारखा एखादा खेळ निवडा. त्यातील एक नियम कोणते वास्तव सुचवतो आणि कोणते वगळतो, याविषयी सुमारे २०० शब्दांत लिहा.