गावचे उपाहारगृह : दार सर्वांसाठी

पुणे जिल्ह्याच्या उत्तरेस असलेल्या जुन्नर आणि आंबेगाव या तालुक्यांना वाटसरू नवा नाही. कोकणातील बंदरांतून नाणेघाट चढून जुन्नरकडे येणारी सातवाहनकालीन व्यापारी वाट इतिहासात प्रसिद्ध आहे. घाटमाथ्यावर खडकात खोदलेली पाण्याची टाकी आजही दिसतात. जुन्नर परिसरातील बौद्ध लेण्यांतील एका शिलालेखात तर चिट नावाच्या यवनाने संघास भोजनमंडप दान दिल्याचा उल्लेख आहे. आल्यागेल्यास अन्नपाणी देण्याची ही परंपरा आता ग्रामीण रोजगाराचे साधन होऊ लागली आहे. २०१८ मध्ये राज्य शासनाने जुन्नरला पर्यटन तालुका म्हणून घोषित केले आणि २०२० मध्ये कृषी पर्यटन धोरण आखण्यात आले. त्यामुळे गावातील लहानशा उपाहारगृहासही महत्त्व प्राप्त झाले आहे.

पायथ्याशी थांबणारा पाहुणा

या भागातील बहुतेक प्रेक्षणीय स्थळे उंचावर आहेत. लेण्याद्रीच्या गणपतीचे दर्शन घेण्यास सुमारे तीनशे पायऱ्या चढाव्या लागतात. शिवनेरीवर जाताना सात दरवाजे ओलांडावे लागतात. भीमाशंकरला पायऱ्या उतरून मंदिराशी जावे लागते व तितक्याच पुन्हा चढाव्या लागतात. साहजिकच कुटुंबातील वृद्ध, दिव्यांग, गरोदर स्त्रिया अथवा तान्ही मुले असलेल्या माता पुष्कळदा मागे थांबतात. अशांच्या दृष्टीने पायथ्याचे उपाहारगृह हेच त्या दिवसाचे मुक्कामाचे ठिकाण असते. तेथेही उंच जोते आणि अरुंद दार आडवे आले, तर त्यांनी बसावे कोठे ?

हा प्रश्न थोड्यांचा नाही. २०११ च्या जनगणनेनुसार महाराष्ट्रातील दिव्यांगांची संख्या सुमारे २९ लाख ६३ हजार होती. वार्धक्यामुळे गुडघे थकलेल्यांची गणना त्यात नाही. शिवाय एका आजीला आत येता आले नाही, तर तिच्याबरोबरचे सारे कुटुंब पुढच्या गावी जेवते. म्हणजे गिऱ्हाईक एक नव्हे, सहा-सात जातात.

सोयी कोणत्या व किती ?

या सोयींसाठी मोठे भांडवल लागत नाही. गावचा गवंडी व सुतार हे काम करू शकतात. माप मात्र अचूक हवे. चढउताराचे सर्वमान्य प्रमाण एकास बारा असे आहे. म्हणजे जोते दीड फूट उंच असेल, तर उतार अठरा फूट लांब हवा. याहून आखूड उतारावर चाकाची खुर्ची ढकलणे कठीण व उतरविणे धोक्याचे असते. अंगणात इतकी लांबी नसल्यास मध्ये पाच फूट सपाट जागा ठेवून उतार वळवावा. त्याची रुंदी चार फूट असावी आणि दोन्ही बाजूंस कठडा असावा. घाटमाथ्यावरील मुसळधार पाऊस लक्षात घेऊन पृष्ठभाग खडबडीत ठेवावा व पाणी बाजूला काढून द्यावे.

दाराची रुंदी तीन फूट असावी. पंगतीच्या पाटांबरोबर काही मेजे ठेवावीत व त्यांखाली खुर्चीसह गुडघे मावतील इतकी मोकळी जागा असावी. शौचालयाचे दार बाहेर उघडणारे असावे. आत खुर्ची वळण्यास पाच फूट जागा, खुर्चीप्रमाणे बसता येईल असा संडास आणि भिंतीस आधाराची दांडी हवी. पदार्थ व दर ठळक अक्षरांत लिहिल्यास ज्यास ऐकू येत नाही त्याची सोय होते. ज्यास दिसत नाही त्यास ताटात कोठे काय वाढले आहे ते सांगावे. मदतीचा हात मात्र विचारूनच पुढे करावा.

ताटातील वेगळेपण

शहरातील पाहुणा खेड्यात शहरी पदार्थ शोधत येत नाही. बेसनाच्या पोळीत तीळ-खोबऱ्याचे सारण भरून केलेली मासवडी, झणझणीत रस्सा आणि बाजरीची भाकरी ही जुन्नरची ओळख आहे. आंबेगावच्या पश्चिमेकडील आदिवासी पट्ट्यातील तांदूळ व नाचणी, पूर्वेकडील कांदा आणि टोमॅटो हे सारे परिसरातच मिळते. महिला बचत गटांना हा व्यवसाय सोयीचा आहे. २०११ पासून कार्यरत असलेले उमेद अभियान अशा गटांना साहाय्य करते. मात्र अन्न सुरक्षा कायद्यान्वये नोंदणी, पिण्याचे शुद्ध पाणी व स्वच्छता यांत तडजोड नसावी.

कायदा आणि कर्तव्य

दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ अन्वये सेवा देणारी संस्था सार्वजनिक असो वा खासगी, तिने सुगम्यतेचे नियम पाळणे अपेक्षित आहे. परंतु केवळ कायद्याच्या भीतीने केलेला उतार लवकरच सामानाची जागा होऊन बसतो. ग्रामपंचायतींनी नव्या उपाहारगृहाचा नकाशा पाहतानाच ही मापे तपासली, तर पुढील खर्च वाचेल. जोते भरण्यापूर्वी उताराचा विचार करणे स्वस्त असते. ते भरल्यानंतर तोडफोड महाग पडते. दाराशी आलेल्या प्रत्येकास स्वतःच्या बळावर आत येता यावे, हीच गावच्या आतिथ्याची खरी कसोटी होय.